लेकी बोले, सुने लागे

मे महिन्याची दुपार. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी शेजारचे काकाजी येऊन टेकले, दुपट्ट्यानं मान पुसली आणि म्हणाले, "आज भल्ली गरमी होऊन राहिली बाप्पा." आतून काकू ओरडली, "अरे, कूलरमध्ये पाणी टाक रे कोणी!" वहिनीचा पाचवीतला पोरगा मात्र मोबाईल पाहून म्हणाला, "हो, ४५ दाखवून राहिलं."

पोरानं शब्दांना उत्तर दिलं, काकूनं माणसाला. हे काकूला कसं जमतं? तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत त्याची उकल केली. समोरचा उगाच काही बोलत नसणार, असं आपण धरून चालतो. घामानं भिजलेल्या माणसांना कोणी गरमीची बातमी द्यायला लागला, की त्यामागचा हेतू आपण आपसूक शोधतो.

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं या व्यंजनेसाठी, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थासाठी, एक छोटंसं वाक्य घेतलं होतं: सूर्य मावळला. गुराख्याला ते 'गुरं घरी वळवा' असं ऐकू येतं, दुकानदाराला 'माल आवरा', आणि प्रियकराकडे निघालेलीला 'चल, वेळ झाली'.

तरी सरळ अर्थही पुसला जात नाही. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांनी अमेरिकेत दुकानदारांना फोन करून विचारलं होतं, "दुकान किती वाजता बंद होतं, सांगू शकाल का?" काहींनी आधी "हो" म्हटलं, मग वेळ सांगितली. म्हणजे एका प्रश्नाला दोन उत्तरं.

पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७८ मध्ये तमिळ, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि इंग्रजी या भाषा तपासून आडवळणाचा संबंध सभ्यतेशी लावला: ओळख कमी, समोरचा मोठा किंवा मागणी जड, तेवढं वळण मोठं. काकाजींना हे लागू पडतं. आपल्या म्हणीतल्या सासूला मात्र नाही. तिला आडवळण हवं असतं ते टोचून वर "तुला कुठं म्हटलं?" म्हणायला.

आमच्या घरीही तेच झालं. कूलर भरेपर्यंत काकू नातवाला, पण स्वयंपाकघरात जाईल एवढ्या आवाजात, सांगत होती, "आमच्या वेळी बारा वाजायच्या आत कूलर भरून राहायचा, बेटा."

वहिनीही पोराशीच बोलली, "आजीले विचार, बकेट काल कोणाच्या हातून फुटली."