सुळा टाळूकडे अडकला की ओठाकडे? शेजारचा दात बघा

तेरावं वर्ष लागलं तरी दुधाचा सुळा जागचा हलत नाही, आणि एक्स-रेत पक्का सुळा वर हाडातच अडकलेला दिसतो. "जागा नसेल" असं घरचे लगेच म्हणून टाकतात. सुळा ओठाच्या बाजूला अडकला असेल तर बहुतेकदा ते खरंही असतं. टाळूच्या बाजूला गेला असेल तर मात्र सहसा नाही. दंतसंशोधक जॅकोबी यांनी १९८३ मध्ये हे मोजून दाखवलं: टाळूकडे अडकलेल्या सुळ्यांपैकी ८५ टक्क्यांना पुरेशी जागा होती, ओठाकडच्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना.

ओठाकडच्या सुळ्याची गोष्ट सरळ आहे. शेजारचे दात चांगले रुंद, एकमेकांवर चढलेले, त्यामुळे सुळ्याला उतरायला वाट नाही.

टाळूकडच्या सुळ्याच्या शेजारचा दात नीट बघा. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूचा हा पटाशीचा दात एरवी नावाप्रमाणे पटाशीसारखा असतो, धार सपाट आणि रुंद. इथे तो पुष्कळदा अरुंद असतो, कधी टोकाकडे निमुळता होत खुंटीसारखा, तर कधी मुळातच नसतो. एक मत असं की सुळा खाली उतरताना याच दाताच्या मुळाला धरून येतो; मूळ आखूड असलं किंवा दातच नसला, तर तो वाट चुकतो. दुसरं मत आनुवंशिकतेचं: लहान दात आणि भरकटलेला सुळा, दोन्हींचं कारण एकच. पेक यांनी १९९४ मध्ये ते जोरकसपणे मांडलं. मला दोन्हींत तथ्य वाटतं. पालकांनी करायचं ते तेच राहतं: मुलाच्या तोंडात खुंटीसारखा दात दिसला की सुळ्याची चौकशी लवकर करायची. खुंटी असली म्हणजे सुळा अडकणारच असं नाही, आणि पटाशी छान रुंद आहे म्हणून निर्धास्तही राहू नये.

नवव्या-दहाव्या वर्षी ओठ वर करून दुधाच्या सुळ्याच्या वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं, तर येणाऱ्या सुळ्याचा टणक उंचवटा लागतो. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर दंतवैद्याला दाखवावं.

लवकर कळण्याचा फायदा मोठा आहे. एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये, १० ते १३ वयाच्या मुलांचे दुधाचे सुळे काढून पाहिले; टाळूकडे वळलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ आपले आपण वाटेवर आले. एक्स-रेत सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मध्यरेषेपलीकडे गेलेलं नसेल तर यश ९१ टक्के, गेलेलं असेल तर ६४. दाटी असलेल्या जबड्यात नुसता दुधाचा दात काढून सहसा भागत नाही, आधी जागा करावी लागते.

आणखी एक. वाट चुकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो, आणि ते बहुधा दुखत नाही. म्हणून एक्स-रे हातात आला की सुळ्याबरोबर त्या मुळाचंही विचारा.