गाळातलं प्लास्टिक (पीएचए)

एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीत, जो तपकिरी, फेसाळ गाळ खदखदत असतो, म्हणजे ॲक्टिव्हेटेड स्लज, त्यातले काही बॅक्टेरिया चक्क प्लास्टिक साठवतात. पॉलिहायड्रॉक्सीअल्कनोएट हे त्याचं लांबलचक नाव, सगळे पीएचएच म्हणतात. आपल्या अंगावर चरबी चढते तसलाच प्रकार. सुदान ब्लॅक हा रंग टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं की पेशीत काळे ठिपके दिसतात, तेच ते. यातला ओळखीचा प्रकार पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट), तो १९२६ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस लेमॉन्य यांनी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शोधला.

कारखान्यात पीएचए करायचं तर एकच निवडक बॅक्टेरिया, त्याला साखर, सगळी भांडी निर्जंतुक, म्हणून ते महाग पडतं. गाळात असलं सोवळं नाही. आधी सांडपाणी नाहीतर गाळ हवेशिवाय आंबवायचा, त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक वगैरे ॲसिडं निघतात (वासाचं विचारू नका). मग खरी गंमत: बॅक्टेरियांना थोडा वेळ हीच ॲसिडं खायला द्यायची, मग बराच वेळ उपाशी ठेवायचं, परत खायला, परत उपास, असं आठवडेच्या आठवडे, म्हणजे जे जेवणाच्या वेळी पटकन साठा करतात तेच उपासात टिकतात आणि बाकीचे हळूहळू गाळाबरोबर बाहेर जातात. शेवटी या साठेबाजांना ॲसिड भरपूर पण नायट्रोजन कमी द्यायचा, वाढता येत नाही म्हणून ते नुसते साठवत बसतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लॅबमध्ये असाच मिळालेला प्लास्टिसिक्युम्युलन्स ॲसिडिव्होरन्स हा बॅक्टेरिया स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळपास ९० टक्के पीएचए साठवतो. खऱ्या सांडपाण्यात तेवढं जमणं कठीण, कारण त्यात नको ते पण आलेलं असतं, तरी तिथेच नेदरलँड्समध्ये चॉकलेट कारखान्याच्या सांडपाण्यावर ७० टक्क्यांपर्यंत मजल गेली. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतही ॲक्टिव्हेटेड स्लजला ज्वारी-तांदळाच्या डिस्टिलरीचं सांडपाणी घालून पीएचबी काढून बघितलंय.

घोडं अडतं ते पेशीतून माल बाहेर काढताना. क्लोरोफॉर्ममध्ये मस्त विरघळतं, पण पर्यावरणासाठी एवढी खटपट करून क्लोरोफॉर्मसारखं विषारी रसायनच वापरायचं म्हणजे काय! हायपोक्लोराइटने (ब्लीचमधलं रसायन) पेशी फुटतात पण पॉलिमरच्या साखळ्याही तुटतात. शिवाय नुसतं पीएचबी ठिसूळ, १७५ अंशाच्या आसपास वितळतं आणि थोडं जास्त तापलं की बिघडायला लागतं, त्यामुळे साच्यात घालणाऱ्याची कसरत होते. प्रोपिऑनिक ॲसिडचं प्रमाण वाढवलं तर साखळीत व्हॅलेरेट नावाचे दुवेही असलेलं, जरा लवचिक प्लास्टिक मिळतं, म्हणून आंबवतानाच ॲसिडांच्या प्रमाणाकडे लक्ष ठेवावं लागतं.