अँप बदलण्याआधी हॉल मोजा

नाशिकच्या गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या नव्या फ्लॅटमधला हॉल म्हणजे चारी बाजूंना प्लॅस्टर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि बाल्कनीची सरकती काच. तिथे गाणी ऐकायला लाखभराचा अँप (अँप्लिफायर) लावला तरी डग्ग्याचे काही ठोके अंगावर येतात, तर काही ऐकूच येत नाहीत. याला बहुतेक वेळा खोलीच कारणीभूत असते.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीच्या स्थिर लहरी तयार होतात. ध्वनीच्या वेगाला (सेकंदाला ३४३ मीटर) भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागले की त्यांची वारंवारता मिळते. १६ × १२ फुटांच्या, १० फूट उंच हॉलसाठी ती येते ३५, ४७ आणि ५६ हर्ट्झ. शिवाय त्यांच्या पटी. जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी स्वतःच थोडी हलते आणि खर्जाची काही ऊर्जा गिळते. काँक्रीटचा स्लॅब ती जवळजवळ सगळी परत पाठवतो.

मोजणीसाठी ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि ‘यूमिक-१’सारखा यूएसबी माइक पुरतो. माइकच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुकांची दुरुस्ती) आधी लोड करा. मोबाइलच्या माइकवर खर्जासाठी विसंबू नका, बऱ्याच फोनमध्ये तो मुद्दाम कापलेला असतो. माइक स्टँडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीला हवा. सोफ्याच्या पाठीला टेकवला तर तिथलेच परावर्तन मोजले जाते. पंखा बंद, लॅपटॉपमधले ‘साउंड एन्हान्समेंट’ बंद. मग साधारण ७५ डेसिबलला २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर), आधी डावा स्पीकर, नंतर उजवा. २०० हर्ट्झच्या खालचा आलेख स्मूदिंग (रेषा गुळगुळीत करणे) न लावता पाहा, नाहीतर अरुंद खड्डे, म्हणजे आवाज एकदम घटतो त्या जागा, झाकले जातात.

९५ हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा दिसला तर आधी स्पीकर मागच्या भिंतीपासून किती लांब आहे ते मोजा. ३ फुटांवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर नेमकी तिथेच मूळ आवाजाला खोडते. ईक्यूने (ठरावीक वारंवारता वाढवणाऱ्या-कापणाऱ्या इक्वलायझरने) हा खड्डा भरायला जाऊ नये. १० डेसिबल वाढवायला अँपला दहापट पॉवर लागते, आणि वाढवलेला आवाजही तसाच खोडला जातो. स्पीकर १५-२० सेंटिमीटर सरकवून पुन्हा स्वीप घ्या. बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर नको, ३५ हर्ट्झ तिथे जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीपासून ६ फुटांवरून सुरुवात करा. यात खर्च शून्य.

आता घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ. वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डमध्ये १८९५ पासून खुर्च्यांच्या गाद्या मोजत बसवलेले सूत्र आजही चालते: ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण (आवाज पूर्ण गिळणाऱ्या पृष्ठभागाइतके चौरस मीटर). आपल्या हॉलचे घनफळ सुमारे ५४ घनमीटर. घुमारा ०.९ सेकंद आला आणि तो ०.४५ वर आणायचा असेल, तर साधारण १० चौरस मीटर शोषण वाढवावे लागते, म्हणजे २ × ४ फुटांची तेरा-चौदा पॅनेल. जाड पडदे, सतरंजी आणि भरलेले पुस्तकांचे कपाट असेल तर निम्म्यात भागू शकते.

पॅनेल सुताराकडून करून घेता येते: लाकडी चौकट, घनमीटरला ४८ किलो घनतेचे २ इंची रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), वरून फुंकर आरपार जाईल असे सुती कापड आणि भिंतीपासून २ इंच मोकळी जागा. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घालाच. जागा ठरवायला कोणीतरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला की पॅनेल तिथेच. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उपयोग जवळजवळ नाही. पातळ फोमने सगळ्या भिंती मढवणे तर सर्वांत वाईट: झांजेची चमक जाते, घूं घूं तशीच राहते. १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब असते, तिला इंचभर फोम काय अडवणार! खर्जासाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत निदान ४ इंच जाडी हवी.

ईक्यू सर्वांत शेवटी, २०० हर्ट्झच्या खाली आणि फक्त उंच शिखरे कापायला. फिल्टर फार अरुंद ठेवू नका. खोलीत १८ अंश असताना ध्वनीचा वेग ३४२ मीटर असतो, ३८ अंशांना ३५४. त्यामुळे जानेवारीत ९४ हर्ट्झवर असलेले शिखर मे महिन्यात ९७ च्या पुढे जाते, आणि थंडीत बसवलेला अरुंद फिल्टर भलतीकडेच कापत राहतो.