ट्रबलशूट मोड की रिफ्रेश? फायरफॉक्सचं रूप बदलल्यावर कुठलं बटण दाबायचं

फायरफॉक्सचं रूप मुळापासून बदललं की पहिल्या काही दिवसांत दोन तऱ्हेच्या तक्रारी एकमेकींत मिसळून येतात. 'टॅब वेगळेच दिसतायत, मेन्यूतली चिन्हं गायब झाली' ही एक. 'पानं अर्धवट उघडतात, व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येतो, ब्राउझर मधेच बंद पडतो' ही दुसरी. पहिली तक्रार बदलाची आहे आणि दुसरी बिघाडाची, पण वैतागलेला माणूस दोन्हींसाठी एकाच पानावर जाऊन पोचतो. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:सपोर्ट असं रोमन लिपीत टाइप केलं की ते पान उघडतं. तिथे 'रिफ्रेश फायरफॉक्स' आणि 'ट्रबलशूट मोड' ही बटणं अगदी जवळजवळ आहेत.

नावांवरून वाटतं की एक साधा इलाज असेल आणि दुसरा जरा जालीम. प्रत्यक्षात ट्रबलशूट मोड काहीच दुरुस्त करत नाही. दोष कुठे आहे, एवढंच तो कळू देतो. रिफ्रेश मात्र दोष कुठे आहे हे बघतच नाही. तो तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग असं सगळं जिथे साठतं ते फोल्डर, बाजूला काढून नवं बनवतो आणि निवडक गोष्टी तेवढ्या त्यात आणतो. एकातून बाहेर पडायला ब्राउझर बंद करून पुन्हा उघडणं पुरतं. दुसऱ्यातून मागे यायचं तर बराच खटाटोप आहे, आणि तोही कसा करायचा हे माहीत असेल तर.

ट्रबलशूट मोडचं पूर्वीचं नाव सेफ मोड. जुनी माहिती वाचताना ते नाव दिसलं तर गोंधळू नका, गोष्ट तीच आहे. या मोडमध्ये सगळी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी, तात्पुरती थांबतात, थीम मूळची होते आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन, म्हणजे चित्रं रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची सोय, बंद होते. पानांमधला जावास्क्रिप्ट कोड वेगाने चालवणारा कंपायलरही बंद असतो, त्यामुळे जड पानं जरा संथ वाटतात. तो नवा बिघाड नव्हे. तुम्ही युजरक्रोम.सीएसएस नावाची फाइल वापरून ब्राउझरचं रूप बदललं असेल, तर तीही वाचली जात नाही. बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री सगळं जागच्या जागी राहतं. आणि हा प्रायव्हेट मोड नाही: इथे पाहिलेली पानं नेहमीसारखीच हिस्ट्रीत नोंदली जातात.

रिफ्रेशचा हिशोब वेगळा आहे. बुकमार्क, हिस्ट्री, पासवर्ड, कुकीज, फॉर्ममध्ये भरलेली माहिती आणि उघडे टॅब नव्या प्रोफाइलमध्ये येतात. एक्स्टेन्शन आणि थीम येत नाहीत. एक्स्टेन्शनांनी स्वतःपाशी साठवलेली माहिती येत नाही, म्हणजे एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये तुम्ही टिपणं ठेवत असाल तर ती गेली. कुठल्या साइटला कॅमेरा किंवा सूचना दाखवायची परवानगी दिली होती ते पुसलं जातं. अबाउट:कॉन्फिग या आतल्या सेटिंगांच्या पानावर (तेही पत्त्याच्या पट्टीतूनच उघडतं) केलेले बदल जातात, वरची सीएसएस फाइलही जाते. वर्षानुवर्षं हाताने घडवलेला ब्राउझर असेल, तर हे नुकसान बुकमार्क जाण्याइतकंच लागतं. म्हणूनच 'बुकमार्क सुरक्षित आहेत, काळजी करू नका' एवढंच सांगून लोकांना रिफ्रेश करायला लावणं मला पटत नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. जुनं रूप परत येईल या आशेने लोक रिफ्रेश करतात. ते येत नाही. रूप प्रोफाइलमध्ये नसतं, ते त्या आवृत्तीतच असतं. 2014 मध्ये 29 व्या आवृत्तीत ऑस्ट्रेलिस नावाचं रूप आलं, 2017 च्या नोव्हेंबरात 57 वी क्वांटम आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन एका फटक्यात चालेनाशी झाली, 2021 च्या जूनमध्ये 89 व्या आवृत्तीत प्रोटॉन नावाचं रूप आलं आणि टॅब पट्टीपासून सुटे, बटणासारखे दिसू लागले. यातला एकही बदल रिफ्रेशने मागे गेला नसता. उलट जुन्या रूपाच्या जवळ नेणारे जे उपाय तुम्ही करून ठेवले होते, तेच पुसले जातात आणि नवं रूप अगदी निर्भेळ समोर येतं. जुनी आवृत्ती त्याच प्रोफाइलवर टाकू म्हटलं, तर 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स त्यालाही अडवतो. नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती सहजासहजी उघडत नाही.

बदलाच्या तक्रारींवरचे उपाय सहसा छोटे असतात, आणि या दोन बटणांशी त्यांचा संबंध नसतो. बुकमार्कची पट्टी दिसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि बी. विंडोजवर फाइल, एडिटवाला जुना मेन्यू हवा असेल तर ऑल्ट दाबा, तो वर उगवतो. प्रोटॉननंतर पट्ट्या जाड वाटणाऱ्यांसाठी अबाउट:कॉन्फिगमध्ये ब्राउझर.कॉम्पॅक्टमोड.शो हे ट्रू केलं की टूलबार सजवण्याच्या पानावर कॉम्पॅक्टचा पर्याय पुन्हा दिसतो. सीएसएस फाइल अचानक चालेनाशी झाली असेल, तर 69 व्या आवृत्तीपासून ती आपोआप वाचली जात नाही, त्यासाठी अबाउट:कॉन्फिगमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते हे लक्षात घ्या.

खरा बिघाड असेल तेव्हा मात्र आधी ट्रबलशूट मोड, आणि तो उघडतानाच सावध राहायचं. विंडोजवर शिफ्ट दाबून धरून फायरफॉक्स सुरू केला, मॅकवर ऑप्शन, की एक छोटी खिडकी येते. 'ट्रबलशूट मोडमध्ये उघडायचं का' असं ती विचारते. एक बटण उघडण्याचं, आणि त्याच खिडकीत दुसरं रिफ्रेशचं. घाईत असलेला, ब्राउझर बंद पडल्याने आधीच चिडलेला माणूस इथेच चुकतो. ही दोन बटणं इतकी शेजारी ठेवायला नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोड उघडला की जे बिघडत होतं तेच पुन्हा करून बघा. तीच साइट, तोच व्हिडिओ. इथे अडचण गेली, तर संशय एक्स्टेन्शन, थीम, सीएसएस फाइल किंवा हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनवर. मग नेहमीच्या पद्धतीने ब्राउझर उघडून निम्मी एक्स्टेन्शन बंद करायची. अडचण गेली तर दोषी त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करायचे. सोळा एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत नेमकं एक हाताला लागतं. एकेक बंद करत बसण्यापेक्षा हे फार बरं. रूप बदलल्यानंतरच्या दिवसांत मी सीएसएस फाइलवर सगळ्यात आधी संशय घेईन, कारण ती जुन्या मांडणीसाठी लिहिलेली असते. ती प्रोफाइलमधल्या क्रोम नावाच्या फोल्डरमध्ये असते; त्याचं नाव बदलून ब्राउझर पुन्हा सुरू करा, लगेच कळेल. काळे चौकोन, फाटलेली अक्षरं असं काही असेल, तर सेटिंगमध्ये जनरलखाली परफॉर्मन्सच्या भागात शिफारस केलेली सेटिंग वापरण्याची खूण काढा. मग हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनची खूण खाली दिसते, तीही काढा.

ट्रबलशूट मोडमध्येही अडचण तशीच राहिली, तर लगेच रिफ्रेशकडे धावू नका. अबाउट:प्रोफाइल्स या पानावर एक नवं, रिकामं प्रोफाइल बनवून त्यात बघा. जुनं प्रोफाइल तिथेच शाबूत राहतं. नव्यातही तोच त्रास होत असेल, तर दोष साइटचा, नेटवर्कचा, अँटिव्हायरसचा किंवा त्या आवृत्तीचाच आहे, आणि रिफ्रेशने काही साधणार नाही. नव्यात सगळं सुरळीत चाललं, तर तुमच्या प्रोफाइलमध्येच काहीतरी बिनसलंय. त्या वेळी रिफ्रेश योग्य, आणि तेव्हा तो मनापासून वापरावा. त्याआधी एक्स्टेन्शनांची यादी लिहून घ्या, ज्यांत सेटिंग बाहेर काढून ठेवायची सोय आहे त्यांची फाइल जपून ठेवा.

एक इशारा: बऱ्याच दिवसांनी फायरफॉक्स उघडला किंवा तो पुन्हा इन्स्टॉल केला, तर खुद्द ब्राउझरच एक पट्टी दाखवून रिफ्रेश सुचवतो. ती बंद केली तरी काही बिघडत नाही.

आणि रिफ्रेश होऊनच गेला असेल तर? डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाचं फोल्डर शोधा. आत तुमचं जुनं प्रोफाइल असतं. ते अडगळ समजून उडवू नका. अबाउट:प्रोफाइल्समध्ये नवं प्रोफाइल बनवा, त्याच्या रूट डिरेक्टरीचं फोल्डर उघडा, मग फायरफॉक्स पूर्ण बंद करा. नव्या फोल्डरमधलं सगळं काढून जुन्या प्रोफाइलमधल्या फाइली तिथे चिकटवा. पुन्हा सुरू करून तेच प्रोफाइल निवडलं की एक्स्टेन्शन, परवानग्या, सीएसएस सगळं परत येतं, अर्थात ज्या बिघाडासाठी रिफ्रेश केला होता तोही. फक्त एखाद्या एक्स्टेन्शनमधली टिपणंच हवी असतील, तर ती त्या प्रोफाइलमधून बाहेर काढून घ्या आणि रोजच्या कामाला रिफ्रेश झालेलं प्रोफाइलच ठेवा. काहीही केलं तरी फाइली मूळ फोल्डरमधून हलवायच्या नाहीत, त्यांची नक्कलच करायची.