संगणकाची मंदगती : निदान व दुरुस्ती (सोलापूर परिसर)

संगणक सुरू होतो, कामही करतो, परंतु प्रत्येक टप्प्यावर नेहमीपेक्षा फार अधिक वेळ घेतो, अशा दोषाला मंदगती म्हणतात. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असे यंत्र तपासणे अवघड असते, कारण जुनी हार्ड डिस्क, अपुरी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), तापलेला प्रोसेसर आणि निरुपयोगी प्रोग्रॅमांची गर्दी या सर्वांचे लक्षण वरवर एकच दिसते. त्यामुळे वेळ नेमका कोठे जातो हे ठरवण्याआधीच ‘फॉरमॅट मारून’ नवी विंडोज टाकण्याची रूढ पद्धत सदोष आहे. दोष यंत्रभागात असेल तर तो तसाच राहतो आणि माहिती मात्र जाते.

विलंब कोणत्या टप्प्यावर होतो, यावरून पहिला धागा मिळतो. बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह येईपर्यंत बायोस किंवा यूईएफआय हे मूळ सॉफ्टवेअर यंत्रभाग तपासत असते. येथेच खोळंबा होत असेल तर डिस्क, तिची केबल किंवा यूएसबीला जोडलेले एखादे उपकरण संशयास्पद ठरते. चिन्ह आल्यापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंतचा विलंब बहुधा डिस्क, ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) यांमुळे होतो, तर डेस्कटॉप दिसूनही बराच वेळ काही उघडत नसेल तर सोबत सुरू होणारे प्रोग्रॅम पाहावेत. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स या नोंदवहीतील १०० क्रमांकाची नोंद सुरुवातीस लागलेला वेळ मिलिसेकंदांत देते. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असल्यास हेच काम ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा करते. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढची सुरुवात तिच्यावरूनच होते. म्हणून खरी मोजणी ‘रीस्टार्ट’ करूनच घ्यावी.

जुन्या संगणकांत सर्वाधिक संशय हार्ड डिस्कवर घ्यावा लागतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचनशीर्ष जागेवर नेण्याचा वेळ मिळवला की विखुरलेल्या जागांवरची वाचने सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच होतात. सुरू होताना विंडोजला हजारो लहान फायली लागतात, आणि सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे ती हेच काम कित्येक पटींनी लवकर उरकते. विंडोजमधील चालू कामांचा ताण दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्के, पण प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम एक-दोन मेगाबाइट, असे दृश्य टिकून राहिले तर डिस्क अपुरी पडते आहे किंवा खराब होत चालली आहे असे समजावे. त्यानंतर स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या नोंदी, पाहाव्यात : ५ क्रमांकाची नोंद खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरील माहितीच्या लहान कप्प्यांची) आणि १९७ क्रमांकाची नोंद न वाचता आलेल्या, निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची संख्या सांगते. हे आकडे वाढत असतील तर डिस्क तपासणीची लांबलचक आज्ञा चालवण्यापूर्वी माहितीची प्रत घ्यावी, कारण त्या ताणाने मरणपंथाला लागलेली डिस्क कायमची बंद पडू शकते. १९९ क्रमांकाची नोंद वाढत असल्यास मात्र डिस्कऐवजी आधी साटा केबल, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी केबल, बदलून पाहावी.

रॅमचे निदान सोपे आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम सांगितली असली तरी ब्राउझर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एकत्र वापरणाऱ्यास ८ जीबीखाली ओढाताण होते. रॅम भरली की प्रणाली डिस्कचा आधार घेते आणि सर्व काही रखडते. हा ताण वाढू नये म्हणून एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालू ठेवू नयेत.

सोलापुरात या दोषाला एक स्थानिक कारण जोडले जाते. शहराची ओळख असलेल्या चादरी आणि टॉवेल यंत्रमागांवर विणले जातात, आणि मागाच्या शेडलगतच्या कार्यालयात सुताचे सूक्ष्म तंतू हवेबरोबर संगणकात ओढले जातात. पंखा काढून पाहिल्यास हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर, पंख्याच्या बाजूने, तंतू आणि धूळ यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला आढळतो. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा पलीकडे जात नाही. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या या शहरात अशा संगणकाचा प्रोसेसर लवकर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. सकाळी ठीक आणि दुपारी संथ, असा क्रम दिसल्यास हे कारण प्रथम तपासावे. नुसता ब्लोअर मारल्याने हा थर पुष्कळदा पात्यांत आणखी आत जातो, म्हणून पंखा सोडवून थर हाताने उचलावा, उरलेली धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती धरून ठेवावीत आणि हीट सिंक काढला असल्यास प्रोसेसर व हीट सिंक यांमधील उष्णतावाहक लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, नव्याने लावावी.

लॅपटॉपमध्ये न जुळणारा किंवा बिघडलेला चार्जर हेही कारण असू शकते. पुरेशी वीज मिळत नाही असे दिसताच काही यंत्रे प्रोसेसरचा वेग अगदी खाली आणतात.

दुरुस्तीचा क्रम माहितीच्या सुरक्षिततेवरून ठरवावा. जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्याकडे विक्रीच्या तपशिलाच्या जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी साठी २० तारीख या मुदती असतात. त्यांच्या तोंडावर डिस्क बदलणे टाळावे, मात्र स्मार्ट नोंद बिघडलेली असल्यास हिशेबाची प्रत त्याच दिवशी घ्यावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या यंत्रात खर्च करण्याआधी त्यावर हलकी लिनक्स प्रणाली चालेल का, आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर तीवर चालेल का, हे पाहावे. सॉलिड स्टेट डिस्क बसवल्यावर जुनी डिस्क लगेच पुसू नये. नव्या डिस्कवर हिशेबाची फाइल उघडून जुन्या वर्षांच्या नोंदी दिसतात याची मालकाने स्वतः खात्री करेपर्यंत ती वेगळी काढून ठेवावी.