जिमदे, अब्दुलाये

मालीचे औषधनिर्माणशास्त्रज्ञ व परजीवीशास्त्रज्ञ. शिक्षण बामाको येथे व पुढे अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात. ओगोबारा डूंबो (१९५६–२०१८) यांनी उभारलेल्या बामाकोच्या मलेरिया संशोधन व प्रशिक्षण केंद्रातील औषधरोधाच्या (परजीवी औषधाला दाद न देण्याच्या) कामासाठी ते ओळखले जातात.

क्लोरोक्वीन या हिवतापावरील औषधाच्या रोधाचे मूळ फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या कोणत्या जनुकात, यावर १९९०च्या दशकात मतभेद होते. पीएफएमडीआर१ व सीजी२ या जनुकांवर प्रामुख्याने संशय होता. २००० मध्ये पीएफसीआरटी जनुक सापडले. त्यातील उत्परिवर्तनामुळे परजीवीच्या अन्नरिक्तिकेत (पेशीतील अन्न पचवणाऱ्या पोकळीत) साचणारे क्लोरोक्वीन बाहेर टाकले जाते. मात्र हा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींचा होता. रुग्णांतील पडताळणी जिमदे व सहकाऱ्यांनी मालीत केली (२००१). उपचारानंतर टिकलेल्या किंवा उलटलेल्या संसर्गांच्या साठही नमुन्यांत पीएफसीआरटी प्रथिनात ७६व्या स्थानी लायसीनऐवजी थ्रिओनीन हे अमिनो आम्ल आढळले. उपचारापूर्वी हे प्रमाण ४१ टक्के होते. पीएफएमडीआर१मधील बदलासाठी हेच आकडे ८६ व ५० टक्के. तेव्हा तो बदल साहाय्यक असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

औषध मात्र १४ टक्के रुग्णांतच निष्फळ ठरले. वारंवार हिवताप झालेल्या मोठ्या मुलांची व प्रौढांची प्रतिकारशक्ती रोधक परजीवींचाही निकाल लावते. त्यामुळे या जनुकीय खुणेच्या (७६व्या स्थानच्या बदलाच्या) प्रमाणावरून थेट औषध बदलता येत नाही. खुणेचे प्रमाण व औषध निष्फळ ठरण्याचे प्रमाण यांचे वयानुसार गुणोत्तर काढावे लागते.

या खुणेच्या तपासणीसाठी बोटाचे रक्त फिल्टर पेपरवर घेतात. कागद पूर्ण वाळण्याआधी पिशवीत बंद केला, की बुरशी येते व डीएनए खराब होतो; हिमोग्लोबिन नीट काढले नाही तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडतो. मग अ‍ॅपो-१ हे डीएनए कापणारे विकर मूळ जनुकखंड कापते, उत्परिवर्तित खंड कापत नाही. कापणी अर्धवट राहिली, तर निव्वळ मूळ प्रकारही मिश्र संसर्गासारखा दिसतो. म्हणून प्रत्येक फेरीत ज्ञात मूळ प्रकाराचा नमुना सोबत चालवतात. संसर्ग उलटलेला की नवा, हे उपचारापूर्वीच्या व नंतरच्या नमुन्यांतील एमएसपी१ व एमएसपी२ या वाणागणिक बदलणाऱ्या जनुकांच्या तुलनेने ठरवतात. डास फार असलेल्या गावात एकाच रुग्णात अनेक वाण असल्याने येथे चूक होते.

वानेकाम या हिवतापावरील औषधांच्या पश्चिम आफ्रिकी चाचणी-जाळ्याचे त्यांनी समन्वयन केले. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकेतील प्लाझ्मोडियम (हिवतापाचा परजीवी) विविधता जाळ्याचे ते संस्थापक आहेत. आर्टेमिसिनीन या हिवतापावरील औषधाच्या रोधाशी संबंधित के१३ जनुकावरही या जाळ्याने काम केले आहे.