म्युनिकचा दाखला किती वेळा द्यायचा?

सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरच्या पदरात टाकणाऱ्या म्युनिक करारावर सही केली आणि सहा महिन्यांच्या आतच जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. तेव्हापासून वाटाघाटींना विरोध करणाऱ्यांना ‘हे दुसरे म्युनिक’ एवढे म्हटले तरी पुरते. १९५६ च्या सुएझ पेचात ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या बाबतीत हेच केले, व्हिएतनाममध्ये सैन्य वाढवताना अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी केले, आणि १९९० मध्ये थोरल्या बुश यांना सद्दाम हुसेनमध्ये हिटलर दिसला.

अशी तुलना मनाची पकड कशी घेते, हे मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच यांच्या १९८१ च्या प्रयोगात दिसते. एका छोट्या लोकशाही देशावर आक्रमक शेजारी चालून येण्याच्या बेतात आहे, तर अमेरिकेने काय करावे, असा काल्पनिक पेच त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडला. मूळ मुद्दे सर्वांना सारखेच दिले होते. फरक होता तो किरकोळ तपशिलांत. एका गटाच्या मजकुरात निर्वासित मालगाडीच्या डब्यांतून पळत होते आणि बैठकीच्या सभागृहाला चर्चिल यांचे नाव होते. दुसऱ्या गटाच्या मजकुरात निर्वासित छोट्या होड्यांतून निघाले होते आणि सभागृहाला व्हिएतनाम युद्धकाळातील अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचे नाव होते. म्हणजे पहिला मजकूर नकळत दुसऱ्या महायुद्धाची आठवण करून देत होता, दुसरा व्हिएतनामची. मालगाडीचा त्या पेचाशी सुतराम संबंध नव्हता, तरी पहिल्या गटाचा कल हस्तक्षेपाकडे अधिक झुकला.

न उच्चारता एवढे साधणारी तुलना सतत उच्चारली की बोथट का होते? जॉन कॅसिओपो आणि रिचर्ड पेटी यांनी १९७९ मध्ये एकच युक्तिवाद लोकांना एकदा, तीनदा आणि पाचदा ऐकवला, तेव्हा सहमती आधी वाढली आणि पुढे घसरली, कारण मुद्दा एकदा समजला की मन त्यातील खोट शोधू लागते. प्रयोगशाळेतील पाच वेळा आणि राजकारणातील पाच दशके यांत अर्थातच मोठे अंतर आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ब्रायन बाउडल आणि डेड्रे गेंटनर यांच्या मांडणीनुसार नवे रूपक ऐकणारा दोन गोष्टी खरोखर शेजारी ठेवून पाहतो, तर रुळलेल्या रूपकात तो समोरच्या गोष्टीला एका तयार वर्गात टाकून मोकळा होतो. हिटलरची तुलना अशी रुळली की उरतो फक्त ‘दुष्ट माणूस’ हा शिक्का, आणि तो आधीच पटलेल्यांनाच पटतो.

आखाती युद्धाच्या वेळी बार्बरा स्पेलमन आणि कीथ होलियोक यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारले, की सद्दाम हिटलर असेल तर बुश कोण? काहींनी चर्चिल म्हटले, काहींनी दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी अध्यक्ष रूझवेल्ट. पहिल्यांच्या लेखी आजची अमेरिका म्हणजे तेव्हाचे ब्रिटन ठरले, दुसऱ्यांच्या लेखी ती अमेरिकाच राहिली. प्रचारात मात्र हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण जोड्या लावायला बसले की न जुळणाऱ्या जोड्याही दिसू लागतात: औद्योगिक बळात १९९० चा इराक १९३८ च्या जर्मनीच्या पासंगालाही पुरत नव्हता.